अमळनेरचे प्राध्यापक ते लोणावळ्याचे स्वामी : योगाची पारख करणारे कुवलयानंद

मृगाचा पाऊस पडून गेला, राबात आवण हातभर वर आलं, की बेलवली-बदलापूरच्या पट्ट्यात ज्याची खाचरं अजून शिल्लक आहेत त्याला दुसरं काही सुचत नाही. चिखलणी, मुठी बांधणे आणि मग दिवसच्या दिवस कमरेत वाकून लावणी. नेमका याच दिवसांत २१ जूनचा योग दिवस येतो. २०१४ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाने तो ठरवला आणि २०१५ पासून शाळा, पंचायत, नगरपालिका सगळीकडे सतरंज्या पडू लागल्या. कार्यक्रम चांगला, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्षातून एक दिवस, उठल्याबरोबर, कधी सराव नसलेल्या माणसाने पायाचे अंगठे पकडायला जोर करायचा आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून खाटेवर पडायचे, असे प्रकार घडतात. काही तरुण मंडळी मोबाईलवर बघून भिंतीला पाय लावून शीर्षासन करतात आणि मान आखडली की योगालाच नावे ठेवतात.

योग करावा की नाही हा प्रश्न नाही. कोणी करावा, किती करावा आणि कुठे थांबावे, हा आहे. या प्रश्नामागे ज्यांनी आपलं सारं आयुष्य घातलं ते स्वामी कुवलयानंद आपल्यापासून फार लांब राहत नव्हते. राजमाचीच्या डोंगराकडून निघून कर्जत, नेरळ करत जी उल्हास नदी आपल्या बदलापुराशी येते, त्याच डोंगरांच्या माथ्यावर लोणावळ्याला त्यांचा आश्रम. कर्जतला गाडी बदलून घाट चढला की झालं. आपल्याकडच्या पुष्कळांनी लोणावळ्याची चिक्की खाल्ली आहे, पण हे नाव ऐकलेले थोडेच निघतील, म्हणून हा लेखप्रपंच.

त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, बडोदे संस्थानातल्या डभोईचा. घर मराठी, परिस्थिती बेताची. पोरगा मात्र हुशार. १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. ही शिष्यवृत्ती त्या काळी मोठ्या मानाची होती. पुढचं शिक्षण बडोदा कॉलेजात. तिथे त्या वेळी अरविंद घोष प्राध्यापक होते, आणि बाहेर लोकमान्य टिळकांच्या शब्दाने तरुण पेटून उठत होते. गुण्यांनी या दोघांकडून घ्यायचे ते घेतले. आपले आयुष्य नोकरीत न घालवता देशाच्या कामी लावायचे आणि ब्रह्मचारी राहायचे, असे त्यांनी तरुणपणीच ठरवले आणि शेवटपर्यंत पाळले.

पण त्यांच्या घडणीत माझ्या मते सर्वात मोठा वाटा आखाड्याचा आहे. बडोद्याला जुम्मादादा व्यायाम मंदिर म्हणून नावाजलेली तालीम. तिचे चालक राजरत्न माणिकराव. १९०७ ते १९१० या काळात गुण्यांनी त्यांच्या हाताखाली देशी व्यायाम, लाठी-काठी, मल्लविद्या यांचे शिक्षण घेतले. शरीर एका दिवसात तयार होत नाही, ते रोजच्या मेहनतीने तयार होते, आणि वस्तादाच्या नजरेखाली झाले तरच धड राहते, हे तालमीत गेलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. पुढे योगाकडे वळल्यावरही ही तालमीची नजर त्यांनी सोडली नाही. पोथीतून योगाकडे आलेले पुष्कळ असतात, हा माणूस घाम गाळून आला.

१९१० ला पदवी घेऊन पुढे ते खानदेशात अमळनेरला शिकवायला गेले. खानदेश एज्युकेशन सोसायटीत ते होते, आणि १९१६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. अमळनेर म्हटलं की आपल्याला साने गुरुजी आठवतात, पण गुरुजी तिथे १९२४ साली आले, म्हणजे गुण्यांच्या नंतर. अमळनेरात त्यांनी खेड्यातला माणूस जवळून पाहिला. निरक्षरता पाहिली, अंगात येणे, गंडेदोरे पाहिले, आणि साध्या दुखण्याने माणूस कसा हतबल होतो तेही पाहिले. १९२० च्या सुमारास हे राष्ट्रीय वळणाचे महाविद्यालय इंग्रज सरकारने बंद पाडले. छत्तिशी-सदतिशीच्या माणसाच्या हातचे काम असे काढून घेतले गेले, तर तो एक तर नोकरी शोधेल नाही तर घरी बसेल. गुण्यांनी तिसरीच वाट धरली.

ती वाट नर्मदेकाठी जात होती. मालसर नावाच्या गावी परमहंस माधवदासजी म्हणून वृद्ध बंगाली योगी राहत. १९१९ मध्ये गुणे त्यांना भेटले आणि त्यांच्याकडून आसने, प्राणायाम, बंध, शुद्धिक्रिया शिकले. माधवदासजींचे दुसरे एक शिष्य म्हणजे मुंबईत १९१८ साली योग इन्स्टिट्यूट काढणारे योगेंद्र. म्हणजे नर्मदेच्या एकाच काठावरून दोन मोठे प्रवाह महाराष्ट्रात आले. माधवदासजी १९२१ साली वारले. गुण्यांना त्यांचा सहवास फार थोडा लाभला.

आता खरी गोष्ट इथे सुरू होते. गुरूने सांगितले आणि शिष्याने मानले, एवढ्यावर हा विषय शेकडो वर्षे चालत आला होता. गुण्यांना स्वतःला अनुभव आला होता, गुरूवर श्रद्धा होती. पण संस्कृतचा विद्वान आणि आखाड्यातला माणूस असूनही त्यांना प्रश्न पडला, की पोटात, छातीत, नसांत हे जे होते म्हणतात ते खरोखर होते का? आणि होत असेल तर मोजून दाखवता येईल का? १९२०-२१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या सरकारी इस्पितळात डॉक्टरांच्या मदतीने आपल्या विद्यार्थ्यांना क्ष-किरण यंत्रापुढे उभे केले. योगाच्या क्रियांची यंत्राने केलेली ही अगदी पहिल्यांपैकी तपासणी मानली जाते.

यात धोका किती होता ते लक्षात घ्या. यंत्राने काही वेगळेच दाखवले असते, तर शत्रू हसले असते आणि आपली माणसे म्हणाली असती की देवाची गोष्ट इस्पितळात नेलीच कशाला. तरी त्यांनी नेली.

तपासले काय? उड्डियान आणि नौली. उड्डियानात श्वास पूर्ण बाहेर टाकून पोट आत खेचतात, पाठीला लागल्यागत खोल जाते. नौलीत पोटाचे मधले स्नायू दोरखंडासारखे पुढे काढून फिरवतात. विद्यार्थ्यांना बेरियम देऊन मोठ्या आतड्याची जागा क्ष-किरणाखाली पाहिली. पुढे दाब मोजायचे यंत्र लावले तेव्हा दिसले, की नौली करताना आतड्यात दाब वाढत नाही, उलट तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. विहिरीवरच्या पंपाची ओढणारी बाजू आठवा. पंप पाणी ओढतो म्हणजे नळीत पोकळी करतो, आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी वर ढकलले जाते. तसेच हे. जुने योगी पाण्यात बसून बस्ती करत तेव्हा पाणी आपोआप वर कसे चढते, या कोड्याचे उत्तर मिळाले. चमत्कार नव्हता, हवेचा दाब होता. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले, माधवदास व्हॅक्युम. गुरूची क्रिया यंत्राखाली घालून पुन्हा निष्कर्षाला गुरूचेच नाव द्यायचे, यात त्या माणसाची सारी वृत्ती दिसते.

(जाता जाता, नौली वाचून कोणी उद्या पहाटे पोट फिरवायला लागू नये. हर्निया, पोटात अल्सर, रक्तदाब, गरोदरपण यांपैकी काही असेल तर या क्रियेच्या वाटेला जायचेच नाही, आणि नसेल तरी शिकवणाऱ्याशिवाय नाही.)

१९२४ च्या ऑक्टोबरात लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झाले, आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक निघाले. प्राध्यापक गुणे आता स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. आश्रमात एका बाजूला जुन्या पोथ्यांची पाठभेदांसह छाननी आणि दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळा. पैशाची ओढाताण कायमची होती. पुढे संस्थानिक आणि धनिक मंडळी मदतीला आली, १९३६ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर आरोग्यकेंद्र झाले, १९५०-५१ च्या सुमारास लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला योगोपचाराचे इस्पितळ. ही यादी वाढवता येईल, पण आपल्याला त्यातून काय मिळाले ते महत्त्वाचे.

मिळाले ते असे. कुठल्या आसनात रक्तदाब कितीने चढतो, सर्वांगासनात काय होते, मत्स्यासनात काय होते, याची मोजमापे त्यांनी घेऊन छापली. प्राणायामात शरीराला जादा प्राणवायू मिळतो अशी त्या काळी सर्वत्र समजूत होती, आजही पुष्कळ ठिकाणी तेच सांगतात. स्वामींनी आत-बाहेर जाणारी हवा मोजली आणि ही समजूत चुकीची आहे असे स्वच्छ लिहिले. प्राणायामाचा फायदा आहे, पण तो प्राणवायूच्या हिशेबात नाही. आपल्याच विषयाबद्दलची एक सोयीची समजूत खोडून काढायला हिंमत लागते. औषध दुकानदाराने आपल्याच दुकानातली बाटली उचलून ही काही कामाची नाही म्हणून सांगण्यासारखे ते आहे.

त्यांचे सगळेच निष्कर्ष आज टिकले आहेत असे मात्र नाही. अमुक आसनाने गळ्यातल्या ग्रंथीला जास्त रक्त मिळून ती सुधारते, अशा तऱ्हेची जी विधाने त्या काळच्या ज्ञानावर त्यांनी केली, त्यांना आजचे डॉक्टर तसा पुरावा मानत नाहीत. थायरॉइडची गोळी बंद करून सर्वांगासन करणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. मोजल्याशिवाय मानायचे नाही, ही स्वामींचीच पद्धत त्यांनाही लावली पाहिजे.

आसनांवरच्या पुस्तकात त्यांनी जी शिस्त घालून दिली, ती आपल्या शेतकरी बंधूंच्या उपयोगाची आहे. आसन म्हणजे ताकदीची परीक्षा नव्हे. त्यात स्थिर राहता यावे आणि सुख वाटावे. झटका द्यायचा नाही. ताण सोसवेल तिथेच थांबायचे, दुखायच्या अलीकडे. ज्याला पूर्ण क्रम झेपत नाही त्याच्यासाठी त्यांनी सोपा क्रम वेगळा आखून दिला, आणि वेळ नसणाऱ्यासाठी थोडक्यातला. कान वाहतो, डोळे नाजूक आहेत, हृदय दुबळे आहे, रक्तदाब चढा आहे, अशांनी डोके खाली पाय वर करायच्या आसनांपासून दूर राहावे, हा त्यांचा इशारा जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचा आहे. आज त्यात काचबिंदू आणि मानेच्या मणक्यांचे दुखणे यांचीही भर डॉक्टर घालतात.

आता हे लावणीच्या हिशेबात बसवून बघू. दिवसभर पुढे वाकून जो काम करतो, त्याच्या पाठीचे स्नायू आणि मणक्यांमधल्या चकत्या एकाच बाजूने दाबल्या जातात. अशा माणसाने संध्याकाळी घरी येऊन पुन्हा पश्चिमोत्तानासनात नाक गुडघ्याला लावायचा हट्ट धरला, तर तो दमलेल्या बैलाला पुन्हा औताला जुंपण्यासारखा प्रकार झाला. त्याला हवे ते उलट. पालथे पडून मकरासनात विसावणे, मग जपून भुजंगासन, तेही हातांवर जोर न देता, छाती थोडीच उचलून. नंतर शवासन. सकाळी उठल्याबरोबर खोल वाकू नये, याचेही कारण आहे. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात आणि तासाभरात त्या मोकळ्या होतात. तेवढा वेळ गोठा साफ करा, गुरांना वैरण घाला, मग आसनांना बसा. कंबरदुखी पायात उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, तर आसनं बाजूला ठेवून आधी सरकारी दवाखाना गाठावा.

शेतात घाम गाळणाऱ्याला वेगळा योग कशाला, असे आपल्याकडे म्हणतात. त्यात अर्धेच खरे आहे. कामाने ताकद येते, पण ठरावीक सांधे ठरावीक दिशेने वापरले जातात. आणि आता बेलवलीचाच काय, आसपासच्या कुठल्याही गावचा तरुण पहाटेच्या लोकलला लोंबकळत अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यात, मुंबईच्या कचेरीत जातो. ग्रामसेवक, तलाठी, मास्तर ही मंडळी दिवसभर खुर्चीत आणि हल्ली संगणकापुढे. नांगराची मेहनत गेली, वाकणे तेवढे उरले. अशांना आठवड्यात एकदा तासभर करण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटे करणे केव्हाही बरे, पोट रिकामे असताना, आणि प्राणायाम सुरुवातीला श्वास न कोंडता.

१९२७ साली गांधीजींचा रक्तदाब वाढून ते आजारी पडले, तेव्हा त्यांचा आणि स्वामींचा संबंध आला. गांधीजी सत्तावन्न वर्षांचे. दोघेही प्रयोगाचे वेडे. आसनांचा आणि विश्रांतीचा त्यांच्या रक्तदाबावर काय परिणाम होतो यावर दोघांत पत्रव्यवहार झाला. एवढा मोठा माणूस शिष्यासारखा विचारतो आहे म्हणून स्वामींनी काही अचाट करून दाखवायला जावे, असे झाले नाही. रुग्ण म्हणूनच त्यांनी गांधीजींकडे पाहिले. पुढाऱ्यांची ये-जा आश्रमात होतच असे, नेहरू पिता-पुत्रांचाही संबंध आला, पण त्याची जाहिरात हा आपला विषय नाही.

शाळेतल्या पोरांच्या व्यायामाकडेही त्यांचे लक्ष होते. त्या वेळच्या मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणासाठी जे काम हाती घेतले, त्यात त्यांचा मोठा भाग होता. पोरांना सूर्यनमस्कार, कवायत, खेळ हे सगळे हवेच, आणि त्याच्या जोडीला आसने, असा त्यांचा मेळ होता. एकावाचून दुसरे नको अशी भाषा त्यांच्याकडे नव्हती. धावपळीचा व्यायाम आणि आसने एकामागोमाग एक न करता मध्ये थोडी विश्रांती घ्यावी, एवढेच ते सांगत. आपल्या शाळांत अजूनही पोरांना मैदानावर पळवून घामाघूम झाल्यावर लगेच आसनांना बसवतात, ते शिक्षकांनी पाहावे.

खेड्यापाड्यांत चमत्काराची हौस फार. कोणी बुवा नाडी बंद करून दाखवतो, कोणी खड्ड्यात पुरून घेतो आणि पायावर पैशांचा ढीग पडतो. स्वामींच्या प्रयोगशाळेने यालाही दार उघडे ठेवले. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतले अभ्यासक वेंगर आणि बागची भारतात आले होते, लोणावळ्यालाही त्यांनी काम केले. हृदय थांबवतो म्हणणाऱ्यांना त्यांनी यंत्र लावून तपासले. मनगटाची नाडी लागेनाशी होत होती, डॉक्टरच्या नळीतून ठोके ऐकू येईनासे होत होते, पण हृदयाचा विजेचा आलेख चालूच होता. छाती आवळून श्वास कोंडला की असे होते. आणि खड्ड्याचे म्हणाल, तर स्वामींच्या माघारी त्यांच्याच संस्थेतल्या संशोधकांनी हवाबंद खड्डा तयार करून माणसे आत ठेवली आणि १९६८ मध्ये त्याचा अहवाल छापला. सराव नसलेला माणूसही आत कित्येक तास राहू शकतो, कारण खड्ड्यातली हवा तेवढी पुरते. थांबावे लागते ते कर्बवायू साठत गेल्यामुळे. योगाच्या आश्रमाने योगाच्या नावावरचा खेळ उघडा करावा, हे मला स्वामींच्या सगळ्या इमारतींपेक्षा मोठे वाटते. बुवांना अर्थात ते आवडले नसणार.

१८ एप्रिल १९६६ ला स्वामी गेले. वय ब्याऐंशी. मागे मुलगा नाही, जमीनजुमला नाही. आश्रम, शिष्य आणि योगमीमांसेचे अंक राहिले. त्या अंकांत आकडे आहेत, तक्ते आहेत, कुठे काय चुकले त्याचीही नोंद आहे. पीक-पाण्याची वही ठेवणाऱ्या शेतकऱ्याला ते अंक परके वाटणार नाहीत. आपल्या पंचायतीने, शाळेने किंवा बचतगटाने पुढच्या जूनच्या कार्यक्रमाला कोणी शिकवणारा बोलवायचा असेल, तर त्याला आधी विचारावे की तो लोकांना कंबर, मान, रक्तदाब, बाळंतपण यांबद्दल सुरुवातीला विचारतो की नाही. विचारत नसेल तर सतरंजी उचलून घरी यावे. लावणीचे दिवस आहेत, पाठ जपायची आहे.